पनागरचा पत्ता

हेमलता शाळेतून आली तेव्हा आई दारातच बसली होती. मांडीवर एक बंद पाकीट. हेमलताला चपला काढायचीही सवड न देता तिनं ते पुढे केलं.

“अभिच्या नावानं आलं. इन्कम टॅक्सचं दिसून राहिलं. मी सही करून घेतलं, पण उघडलं नाही.”

अभि म्हणजे अभिराम, हेमलताचा धाकटा भाऊ. आठ वर्षांपूर्वी, एकतीस वर्षांचा असताना, तो घर सोडून गेला तो गेलाच. बाबा चार वर्षांपूर्वी वारले तेव्हा जबलपूरच्या आणि नागपूरच्या पेपरांत बातमी दिली, तरी तो आला नाही. त्यानंतर हेमलता आणि तिची मुलगी दुर्वा आईकडेच, जबलपुरातल्या गढ्याला राहायला आल्या. हेमलताचा नवरा विनय रेल्वेत, नोकरी कटनीला, शनिवार-रविवार येऊन-जाऊन.

हेमलतानं उभ्या उभ्याच पत्र वाचलं. यंदाच्या जुलैत तुम्ही रिटर्न भरलं आहे, त्यात मागितलेल्या रिफंडची खातरजमा करायची आहे, पंधरा दिवसांत उत्तर द्या, असा मजकूर होता. वर दोन पत्ते होते. एक याच घराचा. दुसरा, रिटर्नमध्ये दिलेला, पनागरचा.

“काय लिहिलं? वाच ना मोठ्यानं.”

“आई, अभिनं जुलैत रिटर्न भरलं म्हणते. पत्ता पनागरचा दिलाय.”

आई भिंतीला धरून उठली. “म्हणजे आहे तो,” ती म्हणाली. “आहे. आणि कमावून राहिला.”

या आठ वर्षांत हेमलतानं मनातल्या मनात भावाला कुठं कुठं पाहिलं होतं. बंगलोरच्या एखाद्या ऑफिसात, दुबईला, आणि वाईट दिवस असला की कुठल्या तरी रुळांच्या कडेला. सोळा किलोमीटरवरच्या पनागरात मात्र तो तिला कधी दिसला नव्हता. तिथं तर ती दर हिवाळ्यात मटार आणायला जायची.

अभि अडखळत बोलायचा. पहिला शब्द घशात अडकायचा, डोळे मिटायचे, मान ताणली जायची, आणि मग वाक्य सुटायचं. घरात ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं, बाबा सोडून. बाबा फॅक्टरीत फोरमन. त्यांना झटपट उत्तर हवं असायचं. अभिची खाजगी कंपनीतली नोकरी सुटली आणि दोन ठिकाणच्या मुलाखतींत तो अडखळून बाद झाला, त्या सुमारास घरी पाहुणे आलेले असताना बाबा म्हणाले, “याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, याला कोण ठेवून घेणार?” दुसऱ्या दिवशी सकाळी अभि एक बॅग घेऊन निघून गेला.

तीन आठवड्यांनी एक फोन आला होता. बाबांनी उचलला, चार वेळा हॅलो हॅलो केलं, आणि पलीकडून कोणी बोलतच नाही म्हणून ठेवून दिला. आई पिठाच्या हातांनी धावत आली. त्याच नंबरावर परत लावला तर नागपूर स्टेशनाजवळचा कोणी दुकानदार बोलला. “एक आदमी था, चला गया.” त्या दिवसापासून बाबांनी फोन उचलणं सोडलं. आईनं त्यांना कधी बोल लावला नाही, पण अभिचं नावही त्यांच्यासमोर पुन्हा काढलं नाही. पोलिसांत जाऊ म्हटलं तर बाबा म्हणायचे, मोठा माणूस आहे, स्वतःच्या पायानं गेला, काय सांगायचं तिथं?

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हेमलतानं शाळेत रजा टाकली. आईनं पहाटे उठून अभिच्या आवडीची पाटोडीची, बेसनाच्या वड्यांची, रस्सा भाजी केली आणि स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून घेतली. दुर्वानं ते पाहून हेमलताला बाजूला ओढलं. “मम्मी, पहले पता तो कर लो. आजी इतकी होप लावून बसली आहे.” दुर्वा कॉलेजात जाते, मराठी सगळं समजतं, बोलताना अर्ध्यात हिंदीवर घसरते. हेमलता तिला म्हणाली, “तू चल सोबत. बाकी राहू दे.”

पनागरचा पत्ता निघाला बी-बियाण्यांच्या दुकानाचा. पोत्यांमागून मालक उठून आला, पत्र पाहिलं, मान हलवली. “इस नाम का तो यहाँ कोई नहीं रहता, दीदी.”

आईनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “लंबा है, दुबला सा. बोलने में अटकता है थोड़ा.”

“नहीं माताजी. ऐसी चिट्ठी हाँ, एक हमारे यहाँ भी आई है. वो गढ़ा में टैक्स का काम करते हैं ना, केतन भैया, वो बोलके रखे हैं कि कोई सरकारी चिट्ठी आए तो रख लेना. और भी नामों की आती हैं.”

और भी नामों की, हे शब्द हेमलतानं मनात टिपून ठेवले. परत येताना रिक्षात आई मात्र वेगळाच हिशेब लावत होती. “केतनजवळच अभि रिटर्न भरायचा, नोकरीत होता तेव्हा. त्यालाच सांगितलं असंल आताही. केतनला ठाऊक असंल, अभि कुठं आहे ते.”

केतनचं दुकान त्यांच्या घरापासून पाच मिनिटांवर. पॅन, आधार, रिटर्न, सगळ्याचा एकच फलक. हेमलतानं पत्र काउंटरवर ठेवलं तेव्हा त्याचा हात माउसवर थांबला, पण चेहरा त्यानं लगेच सावरला.

“अरे आंटी, अभिराम भैया ने ही तो फोन करके बोला था. पुराने क्लाइंट हैं हमारे.”

आईनं काउंटरची कड धरली. “फोन किया था? कहाँ से? कैसा है वो?”

“बाहर हैं कहीं. अच्छे हैं, एकदम मजे में. बोले, घर में मत बताना, इसलिए हमने बताया नहीं.”

हेमलतानं सावकाश विचारलं, “क्या-क्या बोला उसने?”

“सब बोले. पैन नंबर, जन्मतिथि, पूरा एक साँस में लिखवा दिया फटाफट.”

हेमलतानं पत्र उचललं आणि आईचा दंड धरून तिला बाहेर आणलं. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. दुर्वा काही बोलणार, तेवढ्यात आईच बोलली.

“सुधारलं असंल ना आता. आठ वर्षं झाले. उपाय असतात त्याच्यावर, डॉक्टर असतात. बोलत असंल आता नीट.”

हेमलतालाही तेच हवं होतं. एका दमात सगळं सांगून टाकणारा अभि कुठंतरी आहे आणि मजेत आहे, हे खोटं तिला इतकं गोड वाटलं, की त्याच रात्री पत्र फाडून टाकावं आणि आईला आयुष्यभर त्या भ्रमात राहू द्यावं असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण उत्तर द्यायला पंधराच दिवस होते, आणि दुकानदाराचं ते ‘और भी नामों की’ कानातून जात नव्हतं.

सोमवारी त्या सिविल लाइंसला आयकर कार्यालयात गेल्या. तिथल्या अधिकारी समिधा मूळच्या पुण्याच्या, बदली होऊन वर्षभरापूर्वी आलेल्या. खिरवडकर आडनाव ऐकून त्या मराठीतच बोलू लागल्या, तशी आईनं खुर्ची पुढे ओढली.

समिधानं सगळं ऐकून घेतलं आणि संगणकावर शोधलं. बाबांनी निवृत्त झाल्यावर दोन्ही मुलांच्या नावानं बँकेत ठेव ठेवली होती. अभिच्या ठेवीच्या व्याजावर दर वर्षी कर कापला जात होता, आणि तो परत मागायला कोणी येत नव्हतं. त्यावर कुणाचा तरी डोळा गेला होता.

“काकू, रिटर्नसोबत सही केलेला कागद पोस्टानं पाठवलाय. त्याची प्रत आहे. पाहता का?”

पडद्यावर निळ्या शाईची इंग्रजी सही होती, शेवटी लांब शेपूट काढलेली. आईनं चष्मा लावून पाहिली.

“ही अभिची नाही. तो मराठीत सही करतो.”

“थांबा हं.” समिधानं दुसरा कागद उघडला, जुन्या पॅन अर्जाचा. कोपऱ्यात लहान, सरळ अक्षरांत लिहिलं होतं, अभिराम. ‘भ’ची गाठ जरा मोठी.

आई पुढे झुकली. “ही,” ती म्हणाली. “ही त्याची.” तिनं पडद्यावर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. समिधानं पडदा बदलला नाही. बाहेर कोणी दार ठोठावलं, तर त्यांनी हातानंच थांबायला सांगितलं.

मग आईनं विचारलं, “म्हणजे केतनला फोन पण नाही आला?”

“तो बहुतेक खोटं बोलला, काकू.”

आईनं बोट मागे घेतलं. रडली नाही. हेमलतानं तिचा हात धरला.

समिधानं पुढचं सांगितलं. रिफंड त्या थांबवतील. पण हे रिटर्न माझं नाही, असं ज्याचं पॅन त्यानंच सांगायला हवं. तो नसेल तर घरच्यांना पोलिसांचा कागद जोडावा लागेल. “ते बेपत्ता असल्याची तक्रार केलेली असेल ना?”

हेमलतानं खाली पाहिलं. आई म्हणाली, “नाही केली. आठ वर्षं आम्ही कोणाला सांगितलंच नाही, की तो हरवला.”

त्याच दुपारी त्या ठाण्यात गेल्या. एका तक्रारीच्या जागी दोन लिहून झाल्या. एक केतनविरुद्ध, दुसरी अभिची. उंची, रंग, गेला तेव्हाचे कपडे. हवालदार विचारत गेला आणि आई एकेक सांगत गेली. खाकी पँट, पांढरा शर्ट, डाव्या कोपराला मटाराच्या शेतातल्या तारेनं झालेल्या जखमेचा व्रण. हेमलताला यातलं निम्मंही आठवत नव्हतं. आई रोज उजळणी करत असावी असं धडाधड सांगत होती.

केतनचा संगणक पोलिसांनी नेला. त्यात एकोणीस नावं निघाली. काही वारलेल्यांची, काही परगावी गेलेल्यांची, ज्यांचे कागद त्याच्याकडे होते आणि ज्यांचं विचारायला कोणी येणार नव्हतं अशांची. फोन आलाच नव्हता, हेही त्यानं कबूल केलं. महिनाभरानं समिधाचं पत्र आलं, ते रिटर्न रद्द झालं, अभिच्या खात्याला हात लावायची कोणाची वाट उरली नाही. कर कार्यालयापुरतं प्रकरण मिटलं.

पण दुसरी तक्रार चालत राहिली. डिसेंबरात ठाण्यातून फोन आला. नागपूरला एका घरमालकानं २०१८ साली भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली होती, त्यात हे नाव सापडलं. भाडेकरू कामाला होता तिथल्या महाल भागातल्या एका छापखान्यात.

तिघी नागपूरला गेल्या. छापखान्याचे मालक, सगळे त्यांना अण्णा म्हणत, ऐंशीच्या घरातले. फोटो पाहताच म्हणाले, “अरे, हा तर आमचा अभिराम. तीन वर्षं प्रुफं तपासायचा. लॉकडाऊनात काम बंद पडलं, तेव्हा नाशिककडे जातो म्हणाला. मग मोबाइल बदलला असावा त्यानं.”

“कसा होता?” आईनं विचारलं.

“चांगला होता. हसरा. बोलायला वेळ लागायचा त्याला.”

“तुम्ही थांबत होता?”

“थांबायचो ना. घाई काहून करायची? थांबलं की छान बोलायचा. तुमच्या हातच्या पाटोडीचं सांगायचा.”

आईनं पदर तोंडाला लावला. हेमलता दुसरीकडे पाहू लागली. अण्णांनी उठून एक जुनी वही काढली, प्रुफांच्या नोंदींची, त्यात पानोपानी अभिचं अक्षर होतं. ती त्यांनी न मागता आईच्या हातात ठेवली. नाशिकच्या दोन छापखान्यांची नावंही लिहून दिली.

परतीच्या गाडीत जागा खिडकीजवळ मिळाली. नागपूर मागे पडलं, संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या. आई वही मांडीवर घेऊन बसली होती. दुर्वा शब्द जुळवत म्हणाली, “आजी, मी तेव्हा छोटी होती. मला मामा पूरा नाही आठवत. कसा होता, सांग ना.”

हेमलताला वाटलं, आई नेहमीसारखी विषय बदलेल. आईनं पाय वर घेतले, शाल सारखी केली.

“झाला तेव्हा एवढासा होता,” ती म्हणाली, “आणि काय रडायचा! खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरात शेजारच्या पुष्पाबाई भिंत वाजवायच्या, म्हणायच्या, काहून रडवून राहिल्या पोराला?”

ती सांगत राहिली. इटारसी येईपर्यंत अभि पाच वर्षांचा झाला होता.