छोट्या खोलीचा रंग

एसटीच्या लातूर डेपोतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेल्या ईश्वरप्पांची बायको केवळाबाई दीड वर्षापासून पुण्याला होती. मुलगा संगमेश आणि सूनबाई दोघंही नोकरीवाले, नातीला सांभाळायला घरचं माणूस हवं होतं. "सहा महिन्यांचा तर प्रश्न हाय," म्हणून ती गेली आणि तिकडचीच झाली. ईश्वरप्पाही एकदा जाऊन आले. पण तिथं झोपायला हॉलमधला सोफा. आठ दिवसांत त्यांचा जीव विटला.

फोन रोज यायचा. "जेवलात का?" "हाव." "गोळी घेतली?" "घेतली." तोवर तिकडं नात रडायची, नाहीतर कुकर शिट्टी द्यायचा. "ठेवते," म्हणून ती ठेवायची. दोन मिनिटांच्या पुढं बोलणं कधी गेलं नाही.

दिवाळीला सगळे लातूरला येणार असं ठरलं तेव्हा केवळाबाईनं फर्मान काढलं. "छोट्या खोलीला रंग देऊन घ्या. भितीचे पोपडे निघालेत, लेकरू तोंडात घालंल."

गल्लीतला व्यंकटी पेंटर आला. त्यानं पोपडे खरवडले, पुट्टी भरली, प्रायमर मारला आणि शेड कार्ड पुढं केलं. "मामा, रंग सांगा."

ईश्वरप्पांचे शर्टसुद्धा आजवर बायकोनं निवडलेले. त्यांना काय सुचणार? त्यांनी कार्डाचा फोटो धाडला. तिचा लगेच व्हिडिओ कॉल आला. "फोटोत समदे सारखेच दिसतेत. भितीवर लावून दावा."

व्यंकटीनं मोतिया रंगाचा हातभर पट्टा ओढला.

"ह्यो तर तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडावानी दिसतोय," केवळाबाई म्हणाली.

मग अबोली. अबोली बघून तिला शिरूर अनंतपाळची भावजय आठवली. तिचा शालू त्याच रंगाचा होता आणि वरातीत तो बैलगाडीच्या चाकात कसा गेला, नवरी कशी रडली, ती सांगत राहिली. ईश्वरप्पा ऐकत राहिले. फोन ठेवला तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. त्यांनी तो आकडा चष्मा पुसून पुन्हा वाचला.

दुसऱ्या दिवशी फिकट पिस्ता. "ह्यो बरा हाय. ह्योच घ्या की," ती म्हणाली.

ईश्वरप्पांनी फोन पट्ट्यापासून मागं घेतला. "उन्हात जरा येगळा दिसतोय," ते चक्क खोटं बोलले. "आकाशीबी बघू."

असं करत आठवडाभरात भिंतीवर नऊ पट्टे झाले. व्यंकटी आपली दुसरी कामं उरकून यायचा, एक-दोन पट्टे ओढायचा, चहा घेऊन जायचा. दहावी डबी आणायला सांगितली तसा तो दारातच थांबला.

"मामा, सोमवारपासून मला औशाला मंगल कार्यालयाचं काम हाय. खरं सांगा, रंग द्यायचा हाय का न्हाई?"

ईश्वरप्पा खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. "रंगाचं न्हाई रे. पट्टा दावला की ती बोलती."

व्यंकटीनं थोडा वेळ ब्रशचे केस चिमटीनं सरळ केले. "उद्या सकाळी येतो," एवढंच बोलून तो गेला.

दुपारी नात झोपायच्या वेळेला ईश्वरप्पांनी स्वतःहून फोन लावला. "पिस्ताच घेऊ. तोच बरा हुता."

"ठावं हाय मला," केवळाबाई म्हणाली.

"मंग रोज नावं कामून ठिवत हुतीस?"

"तर काय करू? हितं मला कोन काय इचारतंय? लेकराला काय भरवायचं त्याचाबी तक्ता फ्रिजवर चिकटवलेला हाय. तुमी इचारत हुता, मी सांगत हुते."

मग मागं नात कुरकुरली.

"ठेवते."

सकाळी व्यंकटीनं रोलर फिरवला. मोतिया गेला, आकाशी गेला. अबोली मात्र रंगाच्या पहिल्या हाताखालून दिसत राहिला; तो दुसऱ्या हाताला बुजला. ईश्वरप्पा संपूर्ण वेळ दारात उभे होते.

दिवाळीत मंडळी चार दिवस आली. छोट्या खोलीत मच्छर येतात म्हणून नात हॉलमध्येच झोपली आणि केवळाबाई तिच्यापाशी. घर भरलेलं होतं, पण नवराबायकोला निवांत बोलायला सापडलं ते शेवटच्या दुपारी, छोट्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालताना. तिनं भिंतीवर तळहात फिरवला. "फोनात दिसत हुता त्याच्यापक्षा चांगला निघाला."

"ऱ्हा की चार दिस."

"सूनबाईची रजा सरली. पोरगी शाळंत गेली की येते मी."

"म्हंजी कधी?"

"आजून दीड वर्स." तिनं पिशवीची चेन ओढली. ती अडकली, तशी ईश्वरप्पांनी पुढं होऊन लावून दिली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत ते फाटकात उभे राहिले. मग आत आले, आपली गादी गुंडाळून छोट्या खोलीत आणली, भिंतीशी अंथरली आणि भर दुपारी तिच्यावर पडून राहिले. रंगाचा वास अजून गेला नव्हता. खिडकी उघडावी असं त्यांच्या मनात आलं, पण ते उठले नाहीत.