उतारावरची नारायणपेठ

शकुताईंनी आयुष्यात जेवढी प्रेक्षणीय स्थळं पाहिली, त्याहून जास्त त्या स्थळांच्या पायथ्याशी असलेली बाकडी पाहिली होती. गुडघ्यांनी पन्नाशीतच असहकार पुकारला होता. सिंहगडाला गेले तेव्हा त्या खाली पिठलं-भाकरीवाल्या बाईशी गप्पा मारत बसल्या. पुढे लेकीकडे न्यूझीलंडला कायमचं राहायला आल्यावर फक्त बाकडी बदलली. रोटोरुआला मंडळी उकळता चिखल बघायला गेली तेव्हा त्या कारपार्कात होत्या. किनाऱ्यावर सगळे पायऱ्या उतरून पाण्यात डुंबले तेव्हा त्या वर बसून पिशव्या, जॅकेटं आणि नातीच्या जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, राखत होत्या.

"तू बस इथे, आम्ही बघून येतो, फोटो दाखवतो," हे यजमानांचं, म्हणजे पुरुषोत्तमरावांचं, जातानाचं वाक्य ठरलेलं. परत आल्यावरचंही ठरलेलं: "फार काही नव्हतं गं बघण्यासारखं." या दुसऱ्या वाक्याने शकुताईंचं डोकं फिरायचं. दोन-दोन तास माणसं गायब होतात, लालबुंद तोंडं घेऊन हसत-खिदळत परत येतात, आणि म्हणे फार काही नव्हतं. मग तिथे काय झोपा काढत होते?

अशा बाईच्या हाती गेल्या वर्षी मोबिलिटी स्कूटर आली. चार चाकं, बॅटरी, घडी होणारी, रंग लाल. पोरिरुआजवळच्या टिटाही बेला राहणाऱ्या बॅरी नावाच्या म्हाताऱ्याने आपल्या बायकोची स्कूटर विकायला काढली होती. बायको नव्या खुब्यांनिशी ठणठणीत होऊन बोलिंग क्लबात रुजू झाली होती. पुरुषोत्तमराव कुरकुरले. लोकांना वाटेल हिला काहीतरी झालंय, म्हणाले. झालंयच की, असं म्हणून शकुताई सीटवर बसल्या आणि बॅरीच्या ड्राइव्हवेवरून थेट रस्त्याला लागल्या. घरी आणल्यावर चाकाखाली लिंबू ठेवून, हँडलला कुंकू लावून तिची रीतसर पूजा झाली. लिंबू शेजाऱ्यांच्या झाडाचं होतं आणि विचारून घेतलेलं नव्हतं, तेवढं सोडलं तर विधीत काही खोट नव्हती.

त्यानंतर बाईंनी आपल्या पोरिरुआ गावाला सुखाने राहू दिलं नाही. एकेक वस्तू आणायला वेगळी फेरी काढून कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला, म्हणजे तिथल्या वाण्याला, जेरीस आणलं. खाडीकाठच्या पायवाटेवर कुत्री फिरवणाऱ्या प्रत्येकाला "किया ओरा", म्हणजे तिकडचा रामराम, घालायचा आणि त्याने मान वर करेपर्यंत पुढे निघून जायचं. घरात त्यांचा आवाज एक पट्टी वर चढला.

मुलगी नीलांबरी वेलिंग्टनला आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. घरच्या आमटीतही तिला रिस्क दिसायची. तिने सुट्टीत लिस्बनहून निघणारी क्रूझ ठरवली: ती, तिची पंधरा वर्षांची इरा आणि आई-बाबा. नवरा घर सांभाळायला खुशीने मागे राहिला. नीलांबरीने आईला समोर बसवून अट सांगितली. जहाजात चढण्याआधी लिस्बनमध्ये दोन दिवस आहेत, ती स्कूटरची ट्रायल. निभावलं तर पुढच्या प्रत्येक बंदरावर आईला खाली उतरायचं. कुठे अडकली, तर आईने जहाजावर थांबायचं. तिथे डेक आहे, खुर्च्या आहेत, चहा फुकट आहे.

"म्हणजे तरंगतं बाकडं," शकुताई म्हणाल्या.

"आई, ड्रामा नको."

ड्रामा नव्हताच तो. एकाहत्तरी उलटली होती. पुढच्या खेपेला गुडघे सोडा, बाकीचं शरीर तरी सोबत येईल का याची खात्री नव्हती. ही सहल बसून गेली की उरलेलं सगळंच बसून जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

लिस्बनचा पहिला दिवस नदीकाठच्या सपाट रस्त्यावर झकास गेला. इराने आजीच्या मागे-मागे पळत व्हिडिओ काढले. रस्त्याच्या कडेला एक पोर्तुगीज आजोबा टोपी काढून वाकले, तेव्हा शकुताईंनी हँडल सोडून दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि एका कचराकुंडीला धडकल्या. कुंडीला काही झालं नाही. ते ट्रायलमध्ये धरायचं नाही असं इराने परस्पर ठरवलं.

पुरुषोत्तमरावांना मात्र लिस्बनपेक्षा हॉटेल आवडलं. वीज मंडळात जन्म गेलेला माणूस. घरी झोपण्यापूर्वी त्यांची गस्त असायची: टीव्हीचं बटण, टोस्टरचं बटण, मायक्रोवेव्हचं बटण, सगळी भिंतीवरच बंद. न्यूझीलंडमध्ये प्रत्येक सॉकेटला बटण असतं याबद्दल त्यांना त्या देशाविषयी मनापासून आदर होता. इथे एकाही सॉकेटला बटण नाही बघून ते आधी हादरले. मग त्यांना दाराजवळची खाच सापडली. खोलीचं कार्ड तिच्यात घातलं की सगळं सुरू, काढलं की सगळं बंद. अख्ख्या घराला एकच बटण! साक्षात परब्रह्म भेटल्यासारखं त्यांनी ते कार्ड दोनदा घालून काढून बघितलं.

शकुताईंनी न चुकता रात्री स्कूटर चार्जिंगला लावली. रात्री खोलीत भयंकर उकडलं, ते युरोपातलं हवामान समजून त्या कूस बदलून झोपल्या. सकाळी चार्जरचा दिवा लागलेला बघून त्यांचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज गाठायचं होतं. मोठ्या बॅगा सकाळीच धक्क्यावर देऊन झाल्या. त्या बॅगा केबिनमध्ये उशिरा येतात, म्हणून शकुताईंनी पहिल्या रात्रीच्या जेवणाला नेसायची जांभळी नारायणपेठ स्कूटरच्या टोपलीत घेतली होती. उरलेल्या वेळात त्यांना वर जायचं होतं, जुन्या वस्तीतल्या टेकडीवर, जिथून सगळं शहर दिसतं. नीलांबरीने चढ बघून नाक मुरडलं. शकुताईंनी स्कूटरचा काटा दाखवला. काटा हिरव्यात होता. स्वस्तातल्या स्कूटरचा काटा सपाटीवर गोड बोलतो आणि चढ लागला की खरं सांगतो, हे बॅरीने विकताना सांगितलं नव्हतं.

वर पोहोचल्या मात्र. कठड्याशी जाऊन थांबल्या. खाली उतरत गेलेली तांबडी कौलं, वाळत घातलेले कपडे, पांढरी चर्चं, समुद्राएवढी नदी, आणि काठाला पांढरंशुभ्र जहाज, आपलं जहाज. कोणीतरी काढून आणलेल्या फोटोत नव्हे, समोर. शकुताईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मग निघायचं म्हणून त्यांनी खटका दाबला. स्कूटरने एकदा कण्हल्यासारखं केलं आणि मान टाकली.

नीलांबरीचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिने टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाल्याने फोनवर हात वर केले, कारण खालच्या वळणावर कोणी महाभाग ट्रामच्या रुळांवर गाडी लावून जेवायला गेला होता, आणि त्याच्यामागे ट्रामा, टॅक्सी, रिक्षा सगळी वरात अडकली होती. जहाज खाली दिसत होतं. रस्ता सरळ तिकडेच उतरत होता, गुळगुळीत दगडांचा आणि भलताच तीव्र. शकुताईंना चढ एक वेळ जमला असता. उतार म्हणजे गुडघ्यांची फाशी.

"आई, चार्ज केली नव्हतीस का?"

"देवाशपथ केली होती. रात्रभर."

नीलांबरी म्हणाली, मग बॅटरीच गेली असणार, आणि अशा स्कूटरच्या भरवशावर आईला परक्या बंदरावर उतरवणं तिच्याने होणार नाही. ती हे प्रेमाने म्हणत होती, म्हणून जास्त लागलं. शकुताईंनी हँडल घट्ट धरलं. तेवढ्यात वातावरण हलकं करावं म्हणून पुरुषोत्तमरावांनी तोंड उघडलं.

"या लोकांच्या वस्तूच तशा. विजेची काही किंमत नाही यांना. रात्रभर फ्रिज काय, एसी काय, नुसती उधळपट्टी. मी तर झोपताना ते कार्डच काढून उशीखाली ठेवलं, सकाळी उठल्यावर परत घातलं."

इराला मराठी सगळं कळतं, उत्तर तेवढं इंग्रजीत येतं. तिने सगळ्यांत आधी हिशेब जुळवला.

"आजोबा, यू टर्न्ड ऑफ द होल रूम?"

पुरुषोत्तमरावांनी आधी इराकडे, मग स्कूटरकडे आणि शेवटी बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा वीज मंडळाचा अभिमान त्यांच्या तोंडावरून ओघळून गेला.

शकुताई ओरडल्या नाहीत. संसारात काही राग एवढे मोठे असतात की त्यांना तोंडातून बाहेर यायला जागाच पुरत नाही. त्यांनी टोपलीत हात घातला आणि नारायणपेठ बाहेर काढली. सीटमागे एक पिवळा दांडा होता. तो खाली केला की चाकं मोकळी होतात आणि स्कूटर ढकलता येते. पण ब्रेकही सुटतो, म्हणून उतारावर त्याला हात लावायचा नाही, असं बॅरीने बजावलं होतं. शकुताईंनी साडी दुहेरी करून पीळ दिला आणि मागच्या सळईला निरगाठ मारली. दोन टोकं नवऱ्याच्या आणि मुलीच्या हातात दिली.

"धरा," त्या म्हणाल्या. "सोडलीत तर मी एकटीच जहाजावर जाईन. तेही पाण्यातून."

नीलांबरीने रिस्क हा शब्द अर्धा उच्चारला आणि गिळला, कारण आईने दांडा खाली केला होता.

ती मिरवणूक लिस्बनने याआधी पाहिली नसावी. पुढे इरा, हात पसरून "एक्सक्यूज अस, सॉरी, एक्सक्यूज अस" करत. मागे लाल स्कूटरवर ताठ बसलेल्या शकुताई. त्यांच्यामागे ताणलेली जांभळी साडी, आणि तिच्या टोकांना मागे रेलून टाचा रोवत उतरणारे बाप-लेक. अडकलेल्या ट्रामच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कोणी शिट्टी मारली, मग टाळ्या सुरू झाल्या. शकुताईंनी दोन्ही बाजूंना हात हलवला. नीलांबरीने मागून "आई, हँडल!" केलं तेव्हा एका बाजूचा हात त्यांनी परत घेतला.

शेवटच्या वळणावर पुरुषोत्तमरावांचा बूट दगडावरून सटकला. ते दाणकन बसले, आणि बसल्या-बसल्या घसरत निघाले. शहाण्या माणसाने साडी सोडली असती. त्यांनी ती मनगटाला आणखी एक वेढा देऊन घट्ट धरली. पँटचं मागचं कापड लिस्बनच्या रस्त्याला अर्पण झालं, पाय मुरगळला, पण स्कूटर थांबली, धक्क्याच्या थोडं अलीकडे, बरोबर सपाटीवर. शकुताईंनी मागे वळून पाहिलं. नवरा रस्त्यात बसलेला, घामाघूम, हातात साडी.

"लागलं का हो?"

"साडीला काही झालं का बघ आधी," ते म्हणाले.

साडीचा काठ उसवला होता. शकुताईंनी रात्री जेवायला तीच नेसली.

जहाजावरच्या डॉक्टरांनी पाय बांधून दिला आणि पायी फिरायला मनाई केली. पुढचं बंदर काडिझ, सपाट, जुनं, तिन्ही बाजूंना समुद्र. स्कूटर रात्रभर चार्ज झाली होती, केबिनचं कार्ड खाचेत घालून इराने आजोबांना त्याला हात लावायची बंदी केली होती. नीलांबरी ट्रायलबद्दल अवाक्षर बोलली नाही. फक्त सकाळी आईची टोपी आणून दिली. पुरुषोत्तमरावांना लंगडत-लंगडत धक्क्याजवळच्या चौकापर्यंतच जमलं. तिथे संत्र्याच्या झाडाखाली एक बाकडं होतं. मुलीचं जॅकेट, नातीच्या जँडल्स, पाण्याच्या बाटल्या, चिवड्याचा डबा असं सगळं त्यांच्या भोवती आलं.

शकुताई या क्षणाची किती वर्षं वाट बघत होत्या ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"तुम्ही बसा इथे," त्या म्हणाल्या. "आम्ही बघून येतो. फोटो दाखवते."

आणि गेल्या. समुद्राच्या भिंतीवरून वारा कानात घेत गेल्या, पिवळ्या घुमटाच्या चर्चला चक्कर मारली, मासळी बाजारात आपल्याहून लांब मासा बघितला, गल्लीतल्या एका बाईने दिलेलं गरम तळण तोंड भाजेस्तोवर खाल्लं. इरा तिकडच्या पोरांच्या इंग्रजीत "धिस इज हीप्स गुड, आजी", म्हणजे एकदम भारी, म्हणाली, आणि आजीने तिच्या वाट्याचंही खाल्लं. परत आल्या तेव्हा तोंड लाल झालं होतं, केस उडाले होते, काय काय सांगायचं याची पोटात नुसती गर्दी झाली होती.

बाकड्यावर पुरुषोत्तमराव पिशव्यांवर हात ठेवून बसले होते. एका कबुतराला चिवडा घालत होते आणि त्याच्याशी मराठीत बोलत होते. बायकोला बघून ते धडपडत उठायला गेले.

"काय होतं गं तिकडे?"

शकुताईंनी तोंड उघडलं, आणि त्यांच्याही नकळत निघून गेलं, "फार काही नव्हतं हो बघण्यासारखं."

बोलल्या आणि थबकल्या. सिंहगडापासून रोटोरुआपर्यंतची सगळी बाकडी एकदम आठवली, आणि दर वेळी समोर येऊन, बसलेल्या बायकोला हळहळ नको म्हणून, हेच वाक्य बोलणारा, लाल तोंडाचा, डोळे चुकवणारा हा माणूस आठवला. मूर्ख माणूस. एवढी वर्षं त्यांनी त्याच्यावर फुकट राग धरला होता.

पुरुषोत्तमरावांनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"खोटं," ते म्हणाले. "मी पण असंच सांगायचो. आता सगळं सांग."

शकुताईंनी स्कूटर बाकड्याला चिकटवून लावली, बॅटरी उगाच कशाला जाळायची म्हणून किल्ली फिरवून बंद केली, आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.