खोल पट्ट्यातली मासळी

मासळी-पाहणीचे साहेब म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! बोट जरा हलली की यांना उलटी. म्हणून समुद्राच्या उथळ, मध्यम, खोल अशा तिन्ही पट्ट्यांतली जाळी त्यांनी धक्क्याजवळच टाकायला लावली आणि खोली मात्र मनाला येईल ती लिहिली.

आकडेमोड करणाऱ्या बाई भडकल्या, तर साहेब म्हणाले, "अहो, पाणी इथूनतिथून सारखंच!"

सॉफ्टवेअर पडलं सांगकाम्या. त्याने प्रत्येक पट्ट्यातली दर जाळ्यामागची सरासरी मासळी त्या पट्ट्याच्या क्षेत्रफळाने गुणली. खोल पट्टा सगळ्यात मोठा, त्यामुळे तिथे मासळीच मासळी!

वरिष्ठ खूश झाले. "साठा तुम्हीच शोधलात, आता महिनाभर तिथेच बोटीवर मुक्काम करा," असा हुकूम आला.

बाईंनी साहेबांच्या टेबलावर बादली नेऊन ठेवली.