तिसऱ्यांदा हिरवा

मित्रांनो, मी लहान मुलांचे डोळे तपासणारा कॅमेरा आहे. शाळेच्या प्रथमोपचाराच्या खोलीत, कापसाच्या गठ्ठ्यांमागे हल्ली माझा मुक्काम असतो.

कारखान्यात माझी परीक्षा काचेच्या डोळ्यांवर झाली. मी एकदाही चुकलो नाही. पण काचेचे डोळे हलत नाहीत, की रडत नाहीत. खरी मुले समोर आली, तेव्हा कळले की लहान डोळा क्षणभर स्वतःला ताणून धरतो आणि नेमका त्या क्षणी त्याचा दोष लपतो. म्हणूनच माझ्या पुस्तिकेत ठळक लिहिले होते: एकदा जरी लाल दिवा लागला, तरी मुलाला डॉक्टरांकडे पाठवा.

पहिली दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. मी चिवचिवाट करायचो, मूल माझ्याकडे बघायचे, की झाले काम. अक्षरओळख नसलेल्या मुलांचीही नजर मला कळायची. पण लाल दिवा लागलेली बरीच मुले डॉक्टरांकडून ‘ठणठणीत’ असा शेरा घेऊन परत येऊ लागली. पालक चिडायचे. मग शाळेच्या परिचारिकेने एक रीत पाडली. लाल आला, की छायाचित्र पुन्हा घ्यायचे. हिरवा येईपर्यंत.

एका सकाळी चार वर्षांची पिटुकली माझ्यासमोर बसली. लाल.

“हा म्हणजे अगदी माझ्या सासूबाईंसारखा,” परिचारिका म्हणाली. “पहिल्या झटक्यात कशाला चांगलं म्हणेल तर शपथ!”

पुन्हा लाल.

“सिस्टर, ही चित्रं बघताना मान वाकडी करते हो,” पिटुकलीची आई म्हणाली.

“अहो, या वयात सगळ्यांचेच नखरे असतात. बाहेर अजून चाळीस जण उभे आहेत. पिटुकले, इकडे बघ बघू, चिमणी कुठाय?”

तिसऱ्यांदा हिरवा लागला. कार्डावर ‘नजर उत्तम’ असा शिक्का बसला.

ती सात वर्षांची झाली, तेव्हा शाळेत डोळ्यांचे डॉक्टर आले. त्यांनी अक्षरांचा तक्ता टांगला आणि तिचा उजवा डोळा झाकला.

“तक्ता कुठे नेला?” पिटुकलीने विचारले.

तक्ता समोरच होता.

आईने पिशवीतून जुने कार्ड काढले. “हे बघा ना, शिक्का आहे!” डॉक्टरांनी माझ्यातल्या जुन्या नोंदी उघडल्या. लाल, लाल, हिरवा.

“पहिल्या लाल दिव्यालाच पाठवायचं होतं,” ते म्हणाले. “चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून तेव्हाच या डोळ्याला कामाला लावता आलं असतं. आताही लावू. पण किती नजर येईल, सांगता येत नाही.”

“सांगितलं होतं ना मी तुम्हाला?” आई परिचारिकेला म्हणाली. “मान वाकडी करते म्हणून?”

परिचारिकेने मला उचलून कापसाच्या गठ्ठ्यांमागे ठेवले.

त्या दिवसापासून मला कोणी हातात घेतले नाही. सगळा दोष माझ्या माथी आला. तिसऱ्यांदा मी फसलो, हे खरेच आहे. पण त्याआधी दोनदा मी खरे सांगितले होते.

मित्रांनो, तुमच्या धाकट्या भावंडासमोर असा कॅमेरा धरला आणि लाल दिवा लागला, तर ‘पुन्हा घ्या’ म्हणू नका. डॉक्टरांकडे कधी जायचे, तेवढेच विचारा. डोळा चांगला निघाला, तर फार तर एक सकाळ वाया जाईल.

पिटुकलीच्या उजव्या डोळ्यावर आता पट्टी असते. मधल्या सुट्टीत ती या खोलीवरून जाते, एक हात भिंतीला लावून.