मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा

मी एक जुना प्लास्टरचा चेहरा आहे. मित्रांनो, दचकू नका. मला धड नाही, कान अर्धेच आहेत आणि डोळे जन्मापासून मिटलेले आहेत. तरीही मला दिसतं आणि ऐकू येतं. ते कसं, हे मात्र विचारू नका.

माझा जन्म एका रंगभूषाकाराच्या कारखान्यात झाला. त्यांना सगळे मेकअपकाका म्हणत. एका नवख्या अभिनेत्रीला सिनेमात म्हातारी दिसायचं होतं. काकांनी तिच्या तोंडावर गार लगदा थापला, नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या आणि दम भरला, "ताई, आता हसायचं नाही, बोलायचं नाही. शिंक आली तर गिळायची!" लगदा आळल्यावर त्यांनी तो अलगद सोडवला, त्यात प्लास्टर ओतलं आणि मी तयार झालो. हनुवटीवर हवेचा बुडबुडा अडकून एक बारीक खड्डा पडला होता. काका हळहळले, पण म्हातारपणाच्या रबरी सुरकुत्या माझ्यावरच घडवायच्या होत्या; त्यांच्याखाली तो झाकला जाणार म्हणून त्यांनी बुजवला नाही.

पुढे ती अभिनेत्री एका मालिकेत डॉक्टर झाली आणि घराघरांत पोहोचली. लोक तिचं खरं नाव विसरले आणि तिला डॉक्टरबाईच म्हणू लागले. बाजारात बायका तिला अडवून गुडघेदुखीवर औषध विचारत. ती बिचारी हात जोडून म्हणे, "अहो, खऱ्या डॉक्टरकडे जा हो!" बाईंचं नाव झालं तसा माझाही भाव वधारला. काकांनी मला दर्शनी फळीवर मांडलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते म्हणत, "ओळखा पाहू कोण? लावा, लावा हात!" मी फुशारून जायचो. मित्रांनो, तिथेच घात झाला.

त्या धंद्यात एक जुनी रीत होती: चेहरा नटाचा, पण प्लास्टर कारखान्याचं. त्यावरून कधी कुणाचं वाजलं नव्हतं, त्यामुळे कुणी नीट विचारही केला नव्हता.

एके दुपारी एक चष्मेवाला माणूस आला. तो मोजकंच बोलत होता आणि सारखा माझ्याकडे बघत होता. "फोटोवरून कॉम्प्युटरवर केलेला चेहरा मान वळवली की फसतो," तो म्हणाला. "हा अगदी मापातला आहे. फोनमध्ये घेऊ का?"

"घ्या की खुशाल," काका म्हणाले. त्यांना कौतुकच वाटलं. बाईंना विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

तो फोन धरून माझ्याभोवती फिरला. हनुवटीखालूनही त्याने मला टिपलं. मला कसंतरीच वाटत होतं. अनेकांनी मला हात लावला होता, पण याने हात न लावताच काहीतरी नेलं होतं.

काही आठवड्यांनी बाई कारखान्यात आल्या. त्यांचे केस विस्कटलेले होते. त्यांनी काकांसमोर फोन धरला. पडद्यावर डॉक्टरबाई गोड हसून सांगत होत्या, "रक्तदाबाच्या गोळ्या आजच बंद करा. माझी ही पावडर घ्या."

"ही जाहिरात कधी केलीत ताई?" काकांनी विचारलं.

"मी केलेलीच नाही, काका! माझ्या आईने हे बघून गोळ्या सोडल्या. काल न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. मला म्हणते, तूच सांगितलंस की!" मग बाई पडद्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "आणि माझ्या हनुवटीला हा खड्डा कुठून आला?"

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. "तो चष्मेवाला!" काकांनी कपाळावर हात मारला. मीही पडद्याकडे पाहत होतो. तो माझाच चेहरा होता आणि त्याचे डोळे उघडे होते.

बाईंनी पावडरवाल्यांवर खटला भरला आणि काकांनी मला टॉवेलात गुंडाळून कोर्टात नेलं. पावडरवाल्यांचा वकील म्हणाला, "बाईंचा एकही फोटो आम्ही वापरलेला नाही, आवाजही मशीनने बनवलेला आहे. प्लास्टर कारखान्याचं आहे आणि मालकाने खुशाल घ्या म्हणून सांगितलं."

न्यायाधीशबाईंनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "यांच्या आईने गोळ्या कुणाच्या शब्दावर सोडल्या?" त्यांनी विचारलं. "लेकीच्या, की प्लास्टरच्या?" हुकूम झाला, की बाईंचं नाव, चेहरा आणि आवाज त्यांच्या परवानगीशिवाय कुणीही वापरायचा नाही. मला बाईंच्या ताब्यात दिलं गेलं.

त्या जाहिराती हटवल्या गेल्या, पण पुन्हा उगवल्या. कधी तेलाच्या, कधी कर्जाच्या, आणि प्रत्येकीच्या हनुवटीवर तोच खड्डा. बाई तक्रार करतात, एक हटते, दुसरीकडे दोन दिसतात. माझ्या किती नकला कुणाकुणाकडे आहेत, हे आता कुणालाच ठाऊक नाही.

मी सध्या आईंच्या खोलीत कपाटावर असतो. काल बाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. "आई, गोळी घे."

आईंनी तोंड मिटून घेतलं. "तीही असंच गोड बोलते गं," त्या म्हणाल्या. "मी ओळखू कसं?" मग आईंनी हात लेकीच्या गालावर ठेवला, दाबून पाहिला आणि निमूटपणे गोळी घेतली.

मित्रांनो, माणसाचा चेहरा हा फळीवर मांडायचा माल नव्हे. तो त्याचा असतो. कुणाचंही नाव, चेहरा, आवाज घेण्याआधी त्या माणसाला विचारा, एवढीच माझी विनवणी आहे.

उद्या बाई शूटिंगसाठी बाहेरगावी चालल्या आहेत. गोळीची आठवण त्या रोज फोनवरून करून देणार आहेत; फोनवरचा गाल मात्र आईंना दाबून बघता येणार नाही.