रंगीत फोटोंचे लग्न

रविवारची मिसा संपली की सांडोरच्या चर्चबाहेर सालोमीच्या चेहऱ्याची सभा भरे. अध्यक्ष ठरलेला नसे; बोलायची मुभा मात्र सगळ्यांना. मुरुमे केव्हाच बरी झाली होती, मागे गालांवर काळपट डाग तेवढे उरले होते. मुलगी बालवाडीत शिकवते, केळीच्या बागेत बापाला हात देते, हे गावाला मान्य होते. पण ते काही फोटोत येत नाही.

आणि फोटो रंगीत निघणार होते. साल १९७९. होणारा नवरा युजीन आखातातून सुट्टीवर येताना रंगीत फिल्म घेऊन आला होता.

"काळ्या-पांढऱ्यात खपलं असतं गो," युजीनची आई थेरेसा सालोमीच्या आईला, इझाबेलला, म्हणाली. "रंगीतात सगळंच दिसतं."

वसईच्या डॉक्टरांनी सालोमीला पांढऱ्या मलमाची डबी दिली होती. "घासायचं नाही, लिंबू चोळायचं नाही, उन्हात छत्री. डाग सावकाश जातात, महिने लागतात. घाई केलीस तर वाढतील."

"लग्नाआधी जातील ना?" इझाबेलने विचारले.

"डागांना लग्नाची तारीख कळत नाही, बाई."

सालोमीने युजीनलाही विचारून घेतले. "जातील तेव्हा जातील," तो हसला. "मी काय डागांशी लग्न करतोय?" त्या एका वाक्यावर ती छत्रीखाली ताठ मानेने चालू लागली.

डबी संपली. आईने भरून आणली. मलमाला आता गुलाबाचा वास येत होता.

"आय, हे वेगळं वाटतं गो."

"कंपाउंडरने बदललं असेल. लाव तू."

आईवर शंका घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही. तिने लावले. पंधरवड्यात गाल असे उजळले की चर्चबाहेरच्या सभेने समाधान व्यक्त केले, आणि मिसेत लग्नाची पहिली घोषणा झाली; लग्नाआधी अशा तीन रविवारी तीन व्हायच्या असतात. दुसऱ्या घोषणेपर्यंत गाल लाल झाले, आग आग होऊ लागली, सालपटे निघाली. खालून आले ते डाग आधीपेक्षा काळे होते.

डॉक्टरांनी डबी हुंगली. "डबी माझी आहे. आतलं माझं नाही. कातडी जाळतंय हे, आजच बंद कर."

इझाबेल तांदूळ निवडत होती. सालोमीने डबी सुपाशेजारी ठेवली, तरी ती निवडतच राहिली.

"तुझ्या बऱ्यासाठीच केलं ना, बाय."

"आणलंस कुठून?"

"युजीननेच दिलं, तिकडचं. म्हणाला, हिला सांगू नका, ही डॉक्टरचंच ऐकते. डबी तीच ठेवा."

सालोमी खाली बसली. गालांची आग क्षणभर तिच्या ध्यानातून गेली. "तोच म्हणाला? डबी तीच ठेवा, असं?"

"आता पावडर लावू. घोषणा एकच उरलीय."

तिसऱ्या रविवारी फादरांनी कागद वाचला. "या विवाहास कोणाची हरकत असल्यास कळवावे." हे वाक्य गावात कोणी ऐकत नसे, तेवढ्यात लोक उठायच्या तयारीला लागत.

"माझी आहे, फादर."

सालोमीने डोक्यावरचा रुमाल मागे सारला. फादर गडबडले. "बाळ, हरकत बाहेरच्या माणसाने घ्यायची असते."

"मग मी बाहेरचीच. माझ्या तोंडाला काय लावायचं ते युजीनसकट सगळ्यांनी मिळून ठरवलं. मला कोणी विचारलं नाही."

युजीन पुढच्या बाकाकडे पाहत राहिला. बाक साधा होता. पाहण्यासारखे त्यावर काही नव्हते.

बाहेर नेहमीप्रमाणे सभा भरली. मोडलेल्या लग्नाची हळहळ झाली, मुलीच्या जिभेचा निषेध झाला. मग एका बाईने आपल्या पोरीला मागे सारून थेरेसाला हळूच विचारले, "पण उजळली होती खरी. युजीनचं ते मलम शिल्लक आहे का गो?"

सालोमीने ते ऐकले. बांधायला घेतलेला रुमाल तिने घडी करून ठेवला आणि त्या पोरीपुढे जाऊन उभी राहिली. पोरीच्या कपाळावर नुकती मुरुमे उठली होती.

"जवळ ये," सालोमी म्हणाली. "नीट बघ."

मग तिने छत्री उघडली आणि पोरीलाही आत घेतले. डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितले होते.