उशाला कोण बसलं

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात करुणा आणि सोनल माझ्या दुकानात येऊ लागल्या. बारामतीत भिगवण रस्त्याला माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान. एक कॉम्प्युटर, तोही मी चुकत चुकत शिकलेला. बिघडला की आधी शिव्या, मग पंखा, मग बंद करून चालू.

दोघी पुण्याला एम.ए. करत होत्या. बारामती-इंदापूरकडच्या बायकांचे पाळणे टेपवर घ्यायचे आणि कॉम्प्युटरात घालायचे, हा त्यांचा प्रकल्प. एक शब्द दिला की तो असलेले सगळे पाळणे मशीननं पुढं काढून द्यायला हवेत. माझ्या घरात आजवर शोधून कंगवासुद्धा सापडलेला नाही, त्यामुळे मला हे भलतंच आवडलं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेवढा वेळ मी त्यांना दिला.

सोनल डाळिंबाच्या बागायतदाराची, तोंडानं फटाका. प्रोग्राम तिच्या चुलतभावानं बनवून दिलेला. करुणा अंथुर्ण्याची, बौद्ध घरातली; टाइप करताना ओठ हलवायची, जणू समोर पाळण्यात पोर आहे. त्यांच्या सरांना बघायचं होतं, धर्मांतर केलेल्या घरांतल्या पाळण्यांत जुने देव किती उरले. करुणा छातीठोक सांगायची, "एकपण न्हाय."

त्या दिवशी टेप ऐकून टाइप करायची पाळी सोनलची होती. काम संपल्यावर तिनं सहज पटकीच्या देवीचं नाव, ‘मरीआई’, बौद्ध घरांतल्या पाळण्यांत शोधायला दिलं. पडद्यावर आलं : एक नोंद सापडली.

"सापडली! करुणे, सर नाचतील बघ! सगळ्या बौद्ध घरांत एकच!" सोनल खुर्चीतून उठलीच. मग गाणारीण कोण ते तिच्या लक्षात आलं आणि ती पुन्हा बसली.

केसरबाई, अंथुर्णे. करुणाची आजी.

निज माझे गंगू, निज गं बाई,
उशाला बसली मरीआई.

"आजीनं म्हणलेला पाळणा हा न्हाय," करुणा म्हणाली. "तिचा ‘भीमाचा दिवा’वाला हाय. निज माझ्या राजा, बुद्धाच्या गावा, उशाला जागा भीमाचा दिवा."

"तोही आहे. त्याच्यानंतर टेप चालूच राहिली होती. ती भांडी घासता घासता गुणगुणतीय."

"मग ते तिनं आपल्याला दिलेलं न्हाय."

"अगं, पण प्रकल्पाचं अख्खं प्रकरण उभं राहतंय यावर!"

"माझी आजी हाय ती, सोनल. प्रकरण न्हाय."

सोनल गप्प झाली. मी तिला पहिल्यांदाच गप्प बघितलं, म्हणून चहा सांगितला.

करुणानं घरी विचारायचं ठरवलं. तिचे वडील बुद्धघोष लोणी देवकरला कंपनीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी ते मोटारसायकलवर आईला घेऊन थेट दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. नमस्कार केला तोही तापलेला.

"ताई, आमच्या आबांनी घरातले देव कालव्यात सोडले. गावानं पाणी तोडलं तरी परत आणले न्हाईत. आन् तुमी या मशीनीतनं ते परत वर काढताय व्हय?"

"मशीन माझी, भाऊ. काढणारी पोरगी तुमची," मी म्हणाले. ते हसले नाहीत.

"अण्णा, तुमी म्हणाल तर पुसते," करुणा म्हणाली. "पण आदी आजीला इचारू."

केसरबाई पत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. नऊवारी पांढरी, हात मांडीवर. "वाच गं," म्हणाल्या.

करुणानं वाचलं. बुद्धघोष मधेच म्हणाले, "गंगू कोण?"

"तुझी बहीण," केसरबाई म्हणाल्या. "तू व्हायच्या आदीची. धर्म घ्यायच्या बी आदीची. पटकीत गेली."

पंखा फिरत होता. बुद्धघोष चाळिशीचा माणूस. खिशातलं पेन काढून त्यांनी परत खिशात लावलं.

"कदी बोलली न्हाईस, आये."

"देव सोडले तवा गाणं बदलायचं व्हतं. मरीआई काढली, तर ‘बाई’ कशाशी जुळवू? बाईच्या संगं पोरगी बी गेली. भीमाच्या पाळन्यात राजाच बसला."

बुद्धघोष पडद्याजवळ वाकले. बराच वेळ त्या दोन ओळी बघत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"करुणा, ‘मरी’ तेवढं काढ."

तिनं काढलं. दोन अक्षरं गेली आणि राहिलं :

निज माझे गंगू, निज गं बाई,
उशाला बसली आई.

"बघ आये! गंगू राहिली, बाई राहिली, तूच बसलीस उशाला. ती बया गेली." सोनलनं डोळे पुसले. मीसुद्धा मनात म्हटलं, वा, पत्रिकेवर छापावी अशी ओळ झाली.

"न्हाय," केसरबाई म्हणाल्या.

"का गं आजी?"

"मी कुठं बसले व्हते? मुकादमाचं बोलावणं आलं, पोरगी आंगानं थंड पडायला लागलेली, आन् मी खुरपायला गेले. जाताना हे म्हणलं. तिच्या हवाली करून गेले. आले तवर संपलं व्हतं." त्यांनी पदर सारखा केला. "मी उशाला न्हवते. माझ्या नावानं खोटं लिवू नका."

"पण आये, त्या मरीआईला..."

"तिला न्हाय मानत मी. नेलं तिनं माझं. पण बसवली व्हती तीच. तिलाच लिव."

करुणानं बापाकडं पाहिलं. ते नाही म्हणाले नाहीत, एवढंच. तिनं ‘मरी’ पुन्हा टाइप केलं. एक वेलांटी चुकली, ती सुधारली. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर आजी म्हणाल्या, "लिव, आमी तिला सोडलं." सोनल सरांबद्दल एक अक्षर बोलली नाही.

केसरबाईंना बाहेरचा वारा हवा होता, करुणा त्यांना हाताला धरून घेऊन गेली. बुद्धघोषही दारापर्यंत गेले आणि परत आले.

"ताई, गंगू म्हणून शोधलं, तर घावंल का?"

मी टाइप केलं. मशीन नेहमीसारखी घरघरली.

एक नोंद सापडली.

"परत एकदा करा," ते म्हणाले.